गेमच्या फोल्डरला हात न लावता स्कायरिम मॉड करताना

मॉड म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या, गेम बदलणाऱ्या फाइल्स. मॉड मॅनेजर मॉड बसवण्यासाठी असतो, असं बहुतेकांना वाटतं. बसवायचंच असेल तर झिप फाइल उघडून गेमच्या डेटा फोल्डरमध्ये ओतली तरी भागतं. अडतं ते पुढे. बसवलेलं काढायचं कसं, आणि दोन मॉडनी एकाच फाइलवर हक्क सांगितला तर शेवटी चाललं कुणाचं? हाताने ओतलेल्या पन्नास मॉडनंतर कुठलं टेक्श्चर (वस्तूवर चढवलेलं चित्र) कुठून आलं हे कोणीही सांगू शकत नाही. मग सगळं पुसायचं आणि गेम पुन्हा डाउनलोड करायचा, एवढंच हातात राहतं.

इथे उदाहरण स्कायरिम स्पेशल एडिशनचं घेतलं आहे. गेम २०१६चा. ठाणे-नवी मुंबईतल्या दुकानांत 'बजेट गेमिंग' म्हणून मिळणाऱ्या ४ जीबी ग्राफिक्स मेमरीच्या लॅपटॉपवरही तो नीट चालतो, आणि मॉडच्या बाबतीत त्याच्याइतकं खोल पाणी दुसरीकडे क्वचितच सापडेल. मॅनेजर मॉड ऑर्गनायझर २, म्हणजे सगळे ज्याला एमओ२ म्हणतात तो.

व्हॉर्टेक्स हा दुसरा मॅनेजर का नाही, हा प्रश्न येतोच. व्हॉर्टेक्स वाईट नाही. स्कायरिमखेरीज इतर अनेक गेम खेळत असाल तर तो जास्त सोयीचा आहे. पण त्याची पद्धत वेगळी. तो मॉडच्या फाइल्सच्या हार्ड लिंक (वेगळी प्रत नव्हे, त्याच फाइलचं दुसरं नाव) गेमच्या फोल्डरमध्ये तयार करतो. त्यासाठी मॉड साठवायचा स्टेजिंग फोल्डर आणि गेम एकाच ड्राइव्हवर लागतात, आणि तो ड्राइव्ह एनटीएफएस फॉरमॅटचा लागतो. एक्सफॅट फॉरमॅटच्या एक्स्टर्नल डिस्कवर हार्ड लिंक होतच नाही, आणि अनेकांची गाडी तिथेच अडते.

एमओ२ गेमच्या डेटा फोल्डरमध्ये काहीच टाकत नाही. प्रत्येक मॉड आपापल्या फोल्डरात राहतो. गेम चालू असेपर्यंत एमओ२ त्याला एक आभासी डेटा फोल्डर दाखवतो, त्यात सगळे मॉड एकावर एक रचलेले असतात. ठाणे स्टेशनबाहेरच्या भिंतीवर चिकटवलेल्या पोस्टरांसारखं: दिसतं ते सगळ्यात वरचं, पण खालचं जसंच्या तसं शाबूत. वरचं काढलं की खालचं पुन्हा दिसतं. गेम बंद केला की भिंत कोरी.

आधी जागा

एमओ२ प्रोग्राम फाइल्समध्ये टाकू नका. गेमही तिथे ठेवू नका. त्या फोल्डरात लिहायला विंडोज परवानगी मागतं, आणि एमओ२सोबत चालणारी बरीच साधनं ती न मागताच लिहायला जातात. मग फाइल लिहिलीच जात नाही किंवा भलतीकडे जाते, आणि चूक कुठे झाली ते कळत नाही. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजवर जाऊन दुसऱ्या ड्राइव्हवर लायब्ररी तयार करा आणि गेम तिकडे हलवा. एकच ड्राइव्ह असेल तर सी ड्राइव्हच्या मुळाशी 'मॉडिंग' असा छोट्या नावाचा फोल्डर करून त्यात एमओ२ आणि इतर साधनं ठेवा.

फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि लहान ठेवा. विंडोजचं यूजरनेम मराठीत ठेवलेलं असेल तर जास्तच जपा, कारण यातली काही जुनी साधनं देवनागरी अक्षरं असलेल्या पाथवर अडखळतात. लांबीचंही तसंच. विंडोजची पाथची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि चेहऱ्यांच्या किंवा अ‍ॅनिमेशनच्या मॉडमध्ये फोल्डरात फोल्डर इतके असतात की लांब सुरुवातीचा पाथ ती मर्यादा सहज ओलांडतो.

मूळ गेम १२ ते १५ जीबी घेतो. मॉडच्या जागेचा हिशोब करताना डाउनलोड केलेली झिप आणि तिच्यातून निघालेल्या फाइल्स अशी दोन्हींची बेरीज धरा. ५१२ जीबीच्या एसएसडीवर हे लवकर भरतं. एमओ२च्या सेटिंग्जमध्ये पाथ्स या टॅबवर डाउनलोडचा फोल्डर वेगळा देता येतो. तो जुन्या हार्ड डिस्कवर गेला तरी चालेल, कारण खेळताना त्याची गरज पडत नाही. मॉडचा फोल्डर मात्र एसएसडीवरच असू द्या, नाहीतर प्रत्येक दरवाजातून आत जाताना वाट बघत बसाल.

अँटिव्हायरसमध्ये एमओ२चा आणि गेमचा फोल्डर वगळून ठेवा. आभासी फोल्डर दाखवण्यासाठी एमओ२ला गेमच्या प्रक्रियेत आपला डीएलएल (कोडची फाइल) घुसवावा लागतो, आणि अँटिव्हायरसला नेमकं तेच खटकतं. तो अडवला गेला तर गेम बिनतक्रार सुरू होतो, पण एकही मॉड दिसत नाही.

डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेला असेल तर तेही सोडवा. गेमच्या आयएनआय म्हणजे सेटिंग्जच्या फाइल्स, सेव्ह आणि क्रॅशच्या नोंदी तिथेच लिहिल्या जातात. सिंक चालू असताना एकाच फाइलवर दोन्हीकडून लिहिलं गेलं की गेमची सेटिंग्ज आपोआप जुनी होतात.

आवृत्ती ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका

'मॉड चालत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. गेमच्या एक्झी फाइलवर (गेम सुरू करणारी फाइल) राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि मग डिटेल्स बघा. तिथे दिसणारा आकडा कागदावर लिहून ठेवा. सध्या स्टीमवर बहुतेकांकडे १.६.११७० असते. जुन्या मॉडच्या पानांवर १.५.९७ आणि १.६.६४० या आवृत्त्यांचाही उल्लेख वारंवार येतो.

आकडा महत्त्वाचा, कारण स्क्रिप्ट एक्स्टेंडर म्हणजे एसकेएसई, मॉडना मूळ गेममध्ये नसलेल्या क्षमता देणारं साधन, थेट एक्झीच्या आतल्या पत्त्यांवर काम करतो. गेमची आवृत्ती बदलली की पत्ते बदलतात. १.६.११७० साठी एसकेएसई २.२.६, १.६.६४० साठी २.२.३ आणि १.५.९७ साठी २.०.२० लागतो. गॉग या ऑनलाइन दुकानातून घेतलेल्या गेमचा एसकेएसई निराळा असतो. हे पत्ते इतर मॉडना पुरवणारा अ‍ॅड्रेस लायब्ररी हा मॉडही दोन प्रकारात मिळतो, एक १.५.९७ साठी आणि एक १.६ मालिकेसाठी. तो चुकीचा घेतला तर त्यावर अवलंबून असलेले सगळे डीएलएल एकदम बंद पडतात.

स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये अपडेट्सखाली 'गेम सुरू करेन तेव्हाच अपडेट कर' असा पर्याय आहे. तो निवडा आणि त्यानंतर स्टीमच्या प्ले बटणाला हात लावू नका. गेम नेहमी एमओ२मधून, एसकेएसईमार्फतच सुरू करायचा.

पण त्याआधी एकदा प्ले दाबावंच लागतं. कोरा गेम स्टीममधून सुरू करा, लाँचरला ग्राफिक्स कार्ड ओळखू द्या, मुख्य मेनूपर्यंत जा आणि बाहेर पडा. यामुळे आयएनआय फाइल्स तयार होतात आणि गेम कुठे आहे याची नोंद विंडोजच्या रजिस्ट्रीत होते. गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला असेल तर हे पुन्हा करायचं, नाहीतर लूट (क्रम लावणारं) आणि एसएसईएडिट (गेमच्या नोंदी बदलणारं) ही साधनं गेमला जुन्या जागी शोधत राहतात.

एमओ२ची पहिली ओळख

पहिल्यांदा उघडल्यावर एमओ२ विचारतो: ग्लोबल इन्स्टन्स की पोर्टेबल? पोर्टेबल निवडा. सगळं एकाच फोल्डरात राहतं, उचलून दुसरीकडे नेता येतं. ग्लोबलमध्ये मॉड डीफॉल्टने विंडोजच्या अ‍ॅपडेटा फोल्डरात जाऊन बसतात, तेही सी ड्राइव्हवर. महिन्याभराने सी ड्राइव्ह का भरला याचं उत्तर मग तिथे सापडतं.

पुढे प्रोफाइलसाठी (मॉडच्या निवडीचा एक संच) वेगळ्या आयएनआय आणि वेगळे सेव्ह हवेत का, असं विचारलं जातं. दोन्हींना हो म्हणा. एक प्रोफाइल खेळण्यासाठी, त्याचीच नक्कल दुसरी चाचणीसाठी. चाचणीच्या प्रोफाइलमध्ये काहीही उलथापालथ केली तरी चालू खेळाच्या सेव्हला धक्का लागत नाही. मॉडच्या फाइल्स मात्र दोघांना सामाईक असतात, त्यामुळे जागा दुप्पट लागत नाही.

नेक्सस या मॉडच्या साइटचं खातं जोडलं की साइटवरचं 'मॉड मॅनेजर डाउनलोड' हे बटण थेट एमओ२मध्ये फाइल पाठवतं. फुकट खात्याला वेगाची मर्यादा असते, त्यामुळे घरी कितीही जलद फायबर असलं तरी मोठे टेक्श्चर पॅक सावकाशच येतात. रात्री लावून ठेवा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हा उद्योग करू नका, दिवसाचा २ जीबी डेटा एका पॅकमध्ये संपतो.

डाउनलोड्स टॅबमधल्या फाइलवर डबल क्लिक केलं की मॉड बसतो. साधा मॉड असेल तर फक्त नाव विचारतो. फोमॉड इन्स्टॉलर असेल तर पर्याय येतात. तिथे 'तुमच्याकडे हा दुसरा मॉड आहे का' अशा प्रकारचे प्रश्न नीट वाचा, कारण नसलेल्या मॉडचा पॅच (दोन मॉड जुळवणारी फाइल) निवडला तर गेम सुरूच होणार नाही. कधी कधी एमओ२ सांगतो की फाइलच्या वरच्या पातळीवर गेमचा डेटा दिसत नाही. म्हणजे मॉड बनवणाऱ्याने एक जास्तीचा फोल्डर ठेवला आहे. मेशेस (वस्तूंचे त्रिमितीय आकार), टेक्श्चर्स किंवा ईएसपी फाइल ज्या फोल्डरात लगेच दिसते त्यावर राइट क्लिक करून तोच डेटा फोल्डर म्हणून नेमा.

त्याच नावाचा मॉड आधीच असेल तर मर्ज, रिप्लेस की नवं नाव, असं विचारलं जातं. नवी आवृत्ती असेल तर रिप्लेस. पॅच किंवा अ‍ॅड-ऑन असेल तर नवं नाव. मर्ज टाळा. एकदा मिसळलेल्या फाइल्स पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत, आणि तसं असेल तर मॅनेजर वापरण्याचा उपयोगच काय?

एसकेएसई: हाताने टाकायची एकमेव गोष्ट

जवळपास एकमेव. एसकेएसईच्या लोडरची एक्झी आणि आवृत्तीचा आकडा नावात असलेला डीएलएल या दोन फाइल्स गेमच्या मूळ फोल्डरात, गेमच्या एक्झीशेजारी जातात. एमओ२चा आभासी फोल्डर फक्त डेटापुरता असतो, त्याच्या बाहेरचं त्याच्या हातात नाही. एसकेएसईच्या झिपमधला डेटा फोल्डर मात्र एमओ२मध्ये एक मॉड म्हणून बसवा, कारण त्यात स्क्रिप्ट्स असतात. तो विसरला तर एसकेएसई चालू दिसतो, पण स्काययूआयसारखे (मेनू बदलणारे) मॉड तक्रार करतात. एसएसई इंजिन फिक्सेस या मॉडचा दुसरा भागही असाच मूळ फोल्डरात जातो.

मग उजवीकडे वरच्या यादीत एसकेएसई दिसायला हवा. दिसला नाही तर त्याच यादीत एडिटमध्ये जाऊन लोडरची फाइल दाखवा. रन दाबा. मुख्य मेनूत एस्केपच्या खालची कळ दाबली की कन्सोल उघडतो. तिथे 'गेट एसकेएसई व्हर्जन' हे शब्द इंग्रजीत, मधे जागा न सोडता टाइप करा. आकडा आला की पाया पक्का.

पहिल्या फेरीत मोजकेच मॉड घ्या: अ‍ॅड्रेस लायब्ररी, इंजिन फिक्सेस, स्काययूआय, अनऑफिशियल स्कायरिम स्पेशल एडिशन पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणारा), एक क्रॅश लॉगर (गेम का बंद पडला याची नोंद करणारा) आणि एसएसई डिस्प्ले ट्वीक्स. शेवटचा का? हल्लीच्या लॅपटॉपचे पडदे १२० किंवा १४४ हर्ट्झचे असतात, आणि या गेमचं भौतिकशास्त्र मुळात ६० फ्रेमला बांधलेलं आहे. फ्रेम त्यावर गेले की टेबलावरची भांडी आपोआप उडतात. डिस्प्ले ट्वीक्स ते सांभाळतो. अनऑफिशियल पॅचच्या नव्या आवृत्त्यांना गेमही नवा लागतो आणि चार फुकट क्रिएशन्सही (गेमचे अधिकृत अ‍ॅड-ऑन): फिशिंग, सर्व्हायव्हल मोड, रेअर क्युरिओज आणि सेंट्स अँड सेड्यूसर्स. यातली एक फाइल जरी नसली तरी पॅच आपली मास्टर फाइल, म्हणजे तो ज्यावर अवलंबून आहे ती फाइल, शोधतो आणि गेम बंद पडतो.

डावी यादी, उजवी यादी

एमओ२ शिकताना सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

डावीकडे मॉडची यादी असते. तिथला क्रम फाइल्सचा निकाल लावतो: टेक्श्चर, मेश, आवाज, स्क्रिप्ट. दोन मॉडमध्ये एकाच पाथवर एकाच नावाची फाइल असेल तर यादीत खाली असलेला जिंकतो. मॉडच्या नावापुढे विजेचं चिन्ह दिसतं. त्यावर हिरवं अधिक असेल तर तो कुणालातरी झाकतो आहे, लाल वजा असेल तर त्याला कुणीतरी झाकलं आहे. मॉडवर डबल क्लिक करून कॉन्फ्लिक्ट्स टॅब उघडलात की फाइलवार यादी मिळते. तिथेच एखादी नेमकी फाइल हाइड करता येते. मॉड आवडला, पण त्यातलं एक दार नको, तर ते एकच दार लपवा. फाइल पुसली जात नाही, तिच्या नावाला शेपूट जोडलं जातं.

उजवीकडे प्लगइनची, म्हणजे गेमच्या नोंदी बदलणाऱ्या फाइल्सची यादी असते: ईएसएम, ईएसपी, ईएसएल. तिथला क्रम नोंदींचा निकाल लावतो. तलवारीचं वजन, पात्राच्या अंगावरचे कपडे, कोणत्या खोलीत काय ठेवलं आहे. इथेही खालचा जिंकतो. लूटचं सॉर्ट बटण फक्त ही उजवी यादी लावतं. डाव्या यादीचा त्याला पत्ताही नसतो, आणि लूट चालवूनही टेक्श्चर चुकीचंच का दिसतं याचं उत्तर तिथे आहे.

तिसरी गोष्ट बीएसए फाइल्स. प्लगइनच्या नावाने बांधलेले हे गठ्ठे उजव्या यादीच्या क्रमाने लोड होतात, पण सुट्या फाइलपुढे बीएसएमधली फाइल नेहमी हरते. एखादा मॉड डावीकडे कितीही खाली ओढला तरी त्याचं टेक्श्चर दिसत नसेल तर बघा, ते बीएसएत बांधलेलं असेल आणि वरच्या एखाद्या मॉडची सुटी फाइल त्यावर चढली असेल.

दोन्ही याद्या वेगवेगळ्या असल्यामुळे काय होतं, याचं सगळ्यात चांगलं उदाहरण काळवंडलेला चेहरा. गेममध्ये एखाद्या पात्राचं शरीर ठीक दिसतं, पण तोंड राखाडी-काळं, जणू वेगळ्या माणसाचं. समजा, पहिल्या मॉडने लिडिया या पात्राचा चेहरा बदलला आणि दुसऱ्याने तिची लढण्याची पद्धत. दुसऱ्याला चेहऱ्याशी देणंघेणं नाही. पण लिडियाची नोंद एकच असते, त्यामुळे लढण्याचं बदलताना त्या मॉडने मूळ चेहऱ्याचं वर्णनही सोबत आणलं. उजव्या यादीत दुसरा खाली असेल तर गेम मूळ चेहऱ्याचं वर्णन वाचतो. डाव्या यादीत मात्र चेहऱ्याची तयार मेश पहिल्या मॉडची आहे. वर्णन एकाचं आणि मेश दुसऱ्याची. दोन्हींचा मेळ बसत नाही आणि चेहरा काळा पडतो.

चेहऱ्याचा मॉड दोन्ही याद्यांत खाली नेला तर चेहरा सुधारतो, पण लढण्याचा बदल जातो. दोन्ही हवे असतील तर एसएसईएडिट उघडा, अर्थात एमओ२मधून. त्या पात्राच्या नोंदीवर राइट क्लिक करून ती ओव्हरराइड म्हणून ईएसएल खूण असलेल्या नव्या फाइलमध्ये उतरवा. मग लढण्याच्या ओळी दुसऱ्या मॉडकडून आणि चेहऱ्याच्या ओळी पहिल्याकडून ओढून आणा: हेड पार्ट्स, केसांचा रंग, चेहऱ्याचं टेक्श्चर, मोजमापं, रंगाचे थर. पात्राचं वजनही चेहऱ्याच्या मॉडमधूनच घ्या, नाहीतर मानेशी फट दिसते. ही फाइल उजव्या यादीत दोघांच्या खाली ठेवा. असा एक पॅच स्वतःच्या हाताने केला की दोन्ही याद्यांचं नातं कायमचं डोक्यात बसतं. म्हणूनच नेक्ससच्या तयार कलेक्शनपासून सुरुवात करू नये असं मला ठामपणे वाटतं. तीनशे मॉड एका दमात येतात, पण बिघडल्यावर कुठे बघायचं हे कळत नाही.

डाव्या यादीत सेपरेटर घाला: पाया, दुरुस्त्या, टेक्श्चर, पात्रं, जागा, पॅचेस, तयार झालेल्या फाइल्स. पन्नासच्या पुढे गेलात की याशिवाय काही सापडत नाही.

ओव्हरराइट फोल्डर

डाव्या यादीच्या अगदी तळाशी ओव्हरराइट नावाची ओळ असते. गेमने किंवा साधनांनी चालताना नव्याने तयार केलेल्या फाइल्स तिथे पडतात. ती सगळ्यात खाली असल्यामुळे तिच्यातली फाइल सगळ्यांना हरवते. नेमेसिस किंवा पँडोराचं अ‍ॅनिमेशन, बॉडीस्लाइडची शरीरं, डिनडोलॉडची दूरची झाडं, सगळं इथे साचतं आणि कशातलं काय ते कळेनासं होतं.

प्रत्येक साधनासाठी एक रिकामा मॉड करा, 'नेमेसिसचं आउटपुट' असं नाव द्या. साधनाच्या एडिट विंडोत 'फाइल्स ओव्हरराइटऐवजी या मॉडमध्ये तयार कर' असा पर्याय आहे, तिथे तो मॉड निवडा. आधीच साचलेलं असेल तर ओव्हरराइटवर राइट क्लिक करून मॉडमध्ये हलवा. साधन पुन्हा चालवताना जुनं आउटपुट आधी रिकामं करा.

आणि एक पक्कं: ही सगळी साधनं एमओ२मधूनच चालवायची. डेस्कटॉपवरून बॉडीस्लाइड उघडलं तर त्याला कोरा डेटा फोल्डर दिसतो, आणि यादीत एकही कपडा नसतो.

संख्या आणि मेमरी

पूर्ण प्लगइन २५४ पर्यंत, ईएसएल म्हणजे हलके प्लगइन ४०९६ पर्यंत. एका हलक्या प्लगइनमध्ये मावणाऱ्या नव्या नोंदींची मर्यादा १.६.११३० पासून २०४८ वरून ४०९६ झाली. त्यामुळे नव्या पद्धतीचे ईएसएल जुन्या १.५.९७ वर वापरायचे असतील तर बीस नावाचा मॉड लागतो. चालू खेळात एखादा ईएसपी कॉम्पॅक्ट करून ईएसएल करू नका. नोंदींचे क्रमांक बदलतात आणि सेव्हमधल्या वस्तू हरवतात.

टेक्श्चरचा हिशोब साधा आहे. बीसी७ या कॉम्प्रेशनच्या प्रकारात एका पिक्सेलला एक बाइट. ४०९६ बाय ४०९६ म्हणजे १६ एमबी, त्यावर दुरून दाखवायच्या लहान प्रती धरून सुमारे २१ एमबी. २०४८ बाय २०४८ ला सुमारे ५.३ एमबी. नजरेसमोर शंभर टेक्श्चर असतील तर एकीकडे २.१ जीबी आणि दुसरीकडे अर्धा जीबी. ४ जीबीच्या कार्डावर हा फरक खेळणं आणि अडखळणं यातला आहे. १०८० ओळींच्या पडद्यावर थाळी-वाटीला ४के कशाला? डोंगर, जमीन, भिंती २के, लहानसहान वस्तू १के. डाउनलोड करताना पर्याय नसेल तर कॅथेड्रल असेट्स ऑप्टिमायझरने आकार कमी करता येतो. मे महिन्यात, बंद खोलीत लॅपटॉप आधीच तापलेला असताना ही काटकसर आणखी जाणवते.

विंडोजची पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) बंद करू नका. रॅम १६ जीबी असली तरी नाही.

बंद पडला तर

लक्षणावरून बरंच कळतं. मेनू येण्याआधीच बंद पडला तर बहुतेक वेळा मास्टर फाइल नसते. उजव्या यादीत त्या प्लगइनपुढे इशाऱ्याचं चिन्ह असतं, त्यावर माउस नेला की कुठली फाइल हवी ते दिसतं. सुरू होतानाच एसकेएसईची खिडकी येऊन डीएलएलची नावं दिली तर ते मॉड तुमच्या आवृत्तीचे नाहीत. जांभळ्या वस्तू दिसल्या तर टेक्श्चर सापडत नाही. लाल उद्गारचिन्ह दिसलं तर मेश सापडत नाही.

खेळता खेळता बंद पडला तर डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स, त्यात स्कायरिम स्पेशल एडिशन, त्यात एसकेएसई या फोल्डरात क्रॅश लॉगरची नोंद बघा. पूर्ण समजायची गरज नाही. वरच्या भागात कुठल्या डीएलएलचं नाव आहे आणि खाली कुठला मेश किंवा प्लगइन पुन्हा पुन्हा येतो, एवढं बघा. एका नोंदीवरून निकाल लावू नका. दोन-तीन क्रॅशमध्ये तेच नाव आलं तर संशय पक्का. ग्राफिक्स ड्रायव्हरचा डीएलएल दिसला तर मेमरी किंवा ड्रायव्हर तपासा.

नोंदीतून काहीच हाती लागलं नाही तर चाचणीचं प्रोफाइल उघडा आणि अर्धे मॉड बंद करा. अडचण गेली तर ती बंद केलेल्या अर्ध्यात, राहिली तर चालू अर्ध्यात. ६४ मॉड असतील तर सहा फेऱ्यांत नेमका मॉड सापडतो. मास्टर फाइल बंद करताना तिच्यावर अवलंबून असलेलेही बंद करा, नाहीतर नवाच क्रॅश शोधत बसाल. या चाचण्या नव्या खेळावर करा. मेनूतून कन्सोलने थेट रिव्हरवुड या गेममधल्या गावाला उडी मारणं चाचणीपुरतं ठीक, खरा खेळ तसा सुरू करू नये.

सेव्ह, वीज आणि नवा लॅपटॉप

टेक्श्चर आणि मेशचे मॉड कधीही घाला, कधीही काढा. स्क्रिप्ट असलेला मॉड चालू खेळातून काढू नका. त्याची स्क्रिप्ट सेव्हमध्ये कोरली गेलेली असते, आणि मॉड गेला तरी गेम तिला हाक मारत राहतो. दुष्परिणाम लगेच दिसत नाहीत, बऱ्याच तासांनी दिसतात. काढायचाच असेल तर तो घालण्याआधीच्या सेव्हवर परत जा. सेव्हची प्रत घेताना ईएसएस आणि त्याच नावाची एसकेएसई अशा दोन्ही फाइल्स घ्या. दुसरी सुटली तर मॉडची साठवलेली माहिती गळते.

पावसाळ्यात घोडबंदर रोडपासून उरणपर्यंत वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लावा, किंवा घरच्या इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ कॉम्प्युटर रीस्टार्ट व्हायला पुरेसा असतो. मॉड बसताना वीज गेली तर अर्धा फोल्डर तयार होतो आणि यादीत तो पूर्ण बसल्यासारखा दिसतो. त्या वेळी जो मॉड बसत होता तो काढून पुन्हा बसवा, आणि झिप अर्धवट आलेली असू शकते म्हणून आधी ती तपासा.

मोठा बदल करण्याआधी दोन्ही याद्यांवरचं बॅकअपचं बटण दाबा. शिवाय प्रोफाइल फोल्डरातल्या मॉडच्या आणि प्लगइनच्या याद्या या नुसत्या टेक्स्ट फाइल्स आहेत, काही केबींच्या. त्या ईमेलने स्वतःलाच पाठवल्या तरी पुरे.

लॅपटॉप बदलताना पोर्टेबल इन्स्टन्सचा अख्खा फोल्डर एक्स्टर्नल डिस्कवर घ्या. नव्या मशिनवर आधी स्टीममधून गेम बसवा, लाँचर एकदा चालवा, आवृत्तीचा आकडा जुन्याशी जुळतो का ते बघा. एसकेएसईच्या दोन फाइल्स आणि इंजिन फिक्सेसचा दुसरा भाग गेमच्या मूळ फोल्डरात पुन्हा टाका, कारण ते एमओ२सोबत आलेले नाहीत. मग एमओ२ उघडा. गेम जुन्या जागी सापडला नाही तर तो नवी जागा विचारेल, ती दाखवा. एसएसईएडिट, बॉडीस्लाइड वगैरेंचे पाथ एडिट विंडोत जाऊन एकेक करून बदला. प्रोफाइलच्या आयएनआयमध्ये जुन्या पडद्याचं रिझोल्यूशन आणि जुन्या ग्राफिक्स कार्डाचं नाव राहिलेलं असतं. तेवढ्या ओळी नव्या मशिनच्या लाँचरने लिहिलेल्या आयएनआयमधून उतरवून घ्या, आणि पहिला सेव्ह उघडण्याआधी लूट एकदा चालवून उजव्या यादीत इशाऱ्याचं चिन्ह कुठे उरलं आहे का ते बघा.